सह्याद्रीच्या मुलखातली हाय फँटसी: मोठ्यांसाठीचं जग कसं उभारायचं

हाय फँटसी म्हणजे पूर्णपणे कल्पित जगात घडणारी अद्भुतकथा. तिच्या पहिल्या खर्ड्यात एक खोड हमखास सापडते. नकाशा युरोपचा असतो आणि नावं आपली. उत्तरेला बर्फाची भिंत, मधे घनदाट ओकचं जंगल, चौरस्त्यावर दारूचा गुत्ता, आणि गुत्त्यात बसलेल्या नायकाचं नाव मात्र आर्यवर्धन. एल्फांच्या जागी गंधर्व, ऑर्कांच्या जागी राक्षस, म्हाताऱ्या जादूगाराच्या जागी ऋषी. यात दक्षिण आशिया येतो तो मोगऱ्याच्या वासापुरता आणि देवळातल्या घंटेपुरता. वाचकाला हे दहाव्या पानापर्यंत कळतं. त्यावर आणखी मोगरा ओतून उपयोग नसतो.

जग आपलं वाटतं ते त्याच्या यंत्रणेमुळे: पाणी कुठून येतं, जमीन कुणाच्या नावावर आहे, सारा कोण गोळा करतं, कुणाच्या हातचं कोण खातं, लढाई कुठल्या महिन्यात होऊच शकत नाही. हे आधी ठरवायचं; दागिने, पदार्थ, सण मागाहून आपोआप बसतात. पुण्यात राहणाऱ्याला याचं निम्मं साहित्य पायी अंतरावर आहे.

मुलूख लहान धरा

अख्खा दक्षिण आशिया एका कादंबरीत मावत नाही. बंगालचा त्रिभुज प्रदेश, सिंधचं वाळवंट, श्रीलंकेतले प्राचीन तलाव, नेपाळच्या दऱ्या यांचं पाणी, पीक, वारसाहक्क सगळं वेगळं. पंजाबी पगडी, तमिळ गोपुर आणि राजस्थानी झरोका एकाच शहरात आणले, की ते शहर पंचतारांकित हॉटेलाच्या लॉबीसारखं दिसतं.

एका माणसाला पंधरवड्यात पायी ओलांडता येईल एवढा मुलूख पहिल्या भागाला पुरतो. पायी माणूस दिवसाला २५ ते ३० किलोमीटर जातो, लादलेली बैलगाडी २०च्या आसपास. कल्याणच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नरमार्गे पैठणला जाणारी सातवाहनकाळची वाट एवढ्यातच बसते, आणि तेवढ्यात तीन वेगळी हवामानं लागतात. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथून जेमतेम ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात ७००च्या आसपास, आणि बारामतीच्या बाजूला ५००च्या आतबाहेर. घाटमाथ्यावर भात आणि नाचणी, मावळात भात, पूर्वेला बाजरी-ज्वारी. नकाशावर ही तीन पट्ट्यांची रेघ ओढलीत की दोन राज्यांमधल्या वैराचं अर्धं कारण तिथेच मिळतं: ज्याच्याकडे घाट त्याच्याकडे जकात आणि पाणी, ज्याच्याकडे पठार त्याच्याकडे धान्य आणि घोडा.

मुलखाबरोबर काळही बांधून घ्या. जग काल्पनिक असलं तरी पायाला एक शतक लागतं, नाहीतर यादवकालीन देवळात मराठेशाहीतला फडणीस पोर्तुगीज मिरचीचं तिखट खात बसतो. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पेरू, तंबाखू हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजलं. तुमच्या जगात समुद्रापलीकडचा व्यापारच नसेल तर तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा. आणि उपासाला शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी विसरायची. उलट, ताटात मिरची ठेवायचीच असेल तर ती कुठल्या बंदरातून आली, तिच्यावर जकात कोण घेतं, हे तुम्हाला ठाऊक हवं. एका मिरचीतून अख्खं आरमार निघतं.

ऋतू आणि दाणा

युरोपी साच्यात सैन्य हिवाळ्याला घाबरतं. आपल्याकडे पावसाळा मोहीम थांबवतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज बाहेर पडते आणि पावसाआधी छावणीला परतते. मधल्या चार महिन्यांत नद्यांना उतार नसतो, वाटा चिखलात जातात, धनुष्याची दोरी सैल पडते, बंदुकीची दारू ओली होते. म्हणजे कटकारस्थानं, लग्नं, वारसाचे तंटे आणि गडावरची उपासमार हे सगळं मृगापासून हस्तापर्यंत भरायचं. नक्षत्रांचा हिशोब आयताच आहे: प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला पंचांगात वाहन असतं, बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस जोरात, कोल्हा किंवा मेंढा असेल तर बेताचा. यात जादू घालायला जागा आहे. वाहन जाहीर करणारा जोशी लाच खाऊ लागला तर काय होईल, एवढ्या एका प्रश्नावर पहिलं प्रकरण चालू शकतं.

वेढा लिहायचा तर आधी आकडेमोड. गडावर ३०० माणसांची शिबंदी, माणशी दिवसाला एक शेर धान्य. वजनी मण ४० शेरांचा धरला तर रोजचे साडेसात मण. १२० दिवसांच्या पावसाळ्याला ९०० मण, म्हणजे २० मणांची खंडी या हिशोबाने ४५ खंडी. लमाणाचा बैल पाठीवर तीन मण नेतो असं धरलं, तर एका खेपेला ३०० बैल. आता लमाणांचा तांडा नुसती पार्श्वभूमी राहत नाही. तो ज्याच्या बाजूला त्याचा गड टिकतो. यात जनावरांचा दाणा-वैरण, मीठ आणि सरपण धरलेलं नाही. घोडे असतील तर आकडा झपाट्याने चढतो, आणि म्हणूनच उंच गडावर फार घोडे ठेवत नाहीत.

पाण्याचंही तसंच. काळ्या पाषाणाच्या डोंगरावर विहीर लागेलच असं नाही. कातळात खोदलेली टाकी पावसाने भरतात आणि वर्षभर पुरवायची असतात. गड फितुरीने पडतो, तसा टाक्यात मेलेलं जनावर पडल्यानेही पडतो.

कागद, शिक्का, वतन

सिंहासन, मुकुट आणि भविष्यवाणी एवढ्यावर राज्य चालवणाऱ्या कादंबऱ्या मोठ्यांना पटत नाहीत. इथली सत्ता कागदावर चालते. सनद, कौलनामा, महजर (सभेसमोर झालेल्या निवाड्याचा कागद), हुंडी, आणि त्यावरची मोहर. गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यात देशमुख-देशपांडे, आणि ही पदं वतन म्हणून घराण्यात चालतात, वाटली जातात, गहाण पडतात, विकली जातात. राजा बदलतो, वतनदार तिथेच राहतो. म्हणून नव्या राजाला तलवारीपेक्षा देशमुखांच्या मनधरणीत जास्त वेळ जातो. तुमच्या निवडलेल्या वारसाने राक्षस मारला तरी परगण्याचा देशमुख त्याला सारा देईलच असं नाही, आणि खरी कादंबरी तिथून सुरू होते.

शिवाजी महाराजांच्या गडांवरची रचना सभासदाच्या बखरीत दिली आहे, ती नीट वाचावी. हवालदार, सरनोबत आणि हिशोब राखणारा सबनीस असे सारख्या दर्जाचे तीन अधिकारी, शिवाय कोठाराला कारखानीस, आणि नेमणुका वेगवेगळ्या जातींतून. एकट्याने गड शत्रूला देऊ नये म्हणून. विश्वासघाताचा प्रसंग लिहायचा असेल तर एक दुष्ट किल्लेदार पुरत नाही. तिघांना फोडायला तीन वेगळी आमिषं लागतात, आणि ती आमिषं शोधता शोधता पात्रं घडतात.

शेजारच्या मुलखाकडून चौथ म्हणजे महसुलाचा २५ टक्के आणि सरदेशमुखी म्हणजे आणखी १० टक्के मागणारं राज्य जिंकायला येत नाही, हिस्सा मागायला येतं. फँटसीतल्या ठरीव काळ्या साम्राज्यापेक्षा हे कितीतरी खमंग आहे.

शस्त्रांवर फार पानं घालवू नका. दांडपट्टा, बिचवा, कट्यार, दोरी बांधलेला विटा, उंटावरची जंबुरका, बाण, एवढं पुरे. कुठलं हत्यार पायदळाचं, कुठलं स्वाराचं, कुठल्याला अंगणाएवढी मोकळी जागा लागते, हे चुकवू नका. अरुंद जिन्यात कोणी पट्टा फिरवत नाही. स्वार बारगीर की शिलेदार, हे मात्र लिहा: बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची पतही मेली, म्हणून तो घोडा वाचवून लढतो.

जात गाळली तर काम कोण करतं?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. “माझं जग काल्पनिक, तिथे जात नाही,” असं म्हणून लेखक मोकळा होतो. मग त्याच जगात पुरोहित वंशपरंपरेने पुरोहित, राजा वंशपरंपरेने राजा, आणि तिसरं कुणी दिसतच नाही. याला जात नसणं म्हणत नाहीत. वरच्या दोघांच्या डोळ्यांनी पाहणं म्हणतात.

दोन मार्ग सरळ आहेत. पहिला, व्यवस्था ठेवायची आणि ती आतून दाखवायची. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग यांना कामाबद्दल धान्यातलं बलुतं मिळे. याद्या प्रांताप्रांताने बदलतात, तेव्हा तुमच्या गावाची यादी तुम्हीच करा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: वर्षाला किती पायल्या मिळतात, कुठल्या विहिरीवर जाता येतं, आणि गावसभेत त्याचा शब्द कुठल्या बाबतीत चालतो. तिसऱ्या रकान्यात नाट्य दडलेलं असतं. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण गावची सीमा त्यालाच नेमकी ठाऊक असे. ज्याला वेशीच्या आत घर नाही, त्याच्याच शब्दावर गावाची वेस ठरते. ही विसंगती कुठल्याही बनवलेल्या जादूपेक्षा धारदार आहे, आणि ती पेलायची असेल तर त्या माणसाला दयेचा विषय करू नका. त्याला ज्ञान आहे, हिशोब आहे, राग आहे, आणि नाही म्हणायची किंमतही त्याला माहीत आहे.

दुसरा मार्ग, व्यवस्था खरोखर काढून टाकायची. मग मेलेलं जनावर कोण ओढतं, मोट कशी चालते, चामडं कोण कमावतं, प्रेत कोण वाहतं, याची नवी उत्तरं द्यायची. उत्तर “जादूने होतं” असेल तर जादू करणाऱ्यांचीच नवी जात झाली का, हे तपासा. बहुधा झालेली असते.

राक्षस, असुर, पिशाच यांना काळं, रानटी, न कळणारी भाषा बोलणारं जंगलातलं सैन्य करणं टाळाच. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, भिल्ल ही माणसं याच डोंगरांत राहतात आणि तुमचं पुस्तक वाचू शकतात. तसंच, दख्खन म्हणजे फक्त हिंदू दख्खन नव्हे. निजामशाही सावरणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियातला, गुलाम म्हणून विकला गेलेला. १६२६ साली वारला तोवर मुघलांना त्याने दमवलं. हबशी सरदार, इराणी कारकून, कानडी शिल्पी, अरब घोडेवाले हे इथल्या इतिहासात आहेतच. विविधतेसाठी म्हणून ते वेगळे आणावे लागत नाहीत.

जादू: एकच गोष्ट बदला आणि परिणाम मोजा

मंत्र, यज्ञ, सिद्धी, शाप, नवस, करणी, सगळंच खरं असलेल्या जगात कशालाच किंमत उरत नाही. एक निवडा. नवस घेतला तर तो व्यवहार आहे: मागणी आधी, फेड नंतर. न फेडलेला नवस मुलाबाळांवर येतो, अशी समजूत आहेच. म्हणजे हे वारसाने चालणारं कर्ज झालं, आणि कर्ज म्हटलं की त्याची खरेदी-विक्री करणारा सावकार आला. शाप घेतला तर परंपरेत त्याला बहुधा उःशाप जोडलेला असतो. तोडगा कुणाच्या हाती, यावर कथा उभी राहते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. मराठेशाहीत वतनाच्या वादात साक्ष-पुरावा अपुरा पडला की दिव्य घेतलं जाई. रवा दिव्यात उकळत्या तुपा-तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हातावर पिशवी बांधून मोहर करायची, आणि ठरल्या दिवशी सभेसमोर पिशवी सोडून हात पाहायचा. भाजला असेल तर दावा खोटा. आता बदल एवढाच: तुमच्या जगात दिव्य खरंच चालतं.

पहिला प्रश्न, ते काय तपासतं? घडलेली गोष्ट, की सांगणाऱ्याचा विश्वास? घडलेली गोष्ट तपासत असेल तर सगळे वाद दोन दिवसांत मिटतील आणि कादंबरीही मिटेल. म्हणून विश्वास घ्या. लगेच खोटेपणाची जागा बदलते. आजोबा बनावट महजर करून ठेवतो, मुलाला आणि नातवाला तोच खरा म्हणून शिकवतो, आणि तिसऱ्या पिढीतला प्रामाणिक नातू उकळत्या तुपातून हात स्वच्छ काढतो. या राज्यात घराणी साठ-साठ वर्षं पुढची लबाडी पेरतात. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना खरं ठाऊक असतं. म्हणून त्यांना दिव्याला उभं राहता येत नाही असा कायदा कधीतरी, कुणीतरी केलेला असतो. कायद्याची तारीख तुमच्या टिपणवहीत हवी. पुस्तकात ती आलीच पाहिजे असं नाही.

दुसरा, किंमत काय? समजा हात खरा ठरला तरी तीन महिने कामाचा राहत नाही. मग श्रीमंत वतनदार आपला दावा मुद्दाम आषाढात लावतो: कुणब्याने दिव्य घेतलं तर पेरणी जाते, न घेतलं तर जमीन जाते. खरेपणा सिद्ध करणं परवडतं कुणाला, हा मोठ्यांच्या फँटसीचा प्रश्न. रक्त आणि शय्या घातली म्हणजे पुस्तक मोठ्यांचं होतं, हा गैरसमज इथे गळून पडायला हरकत नाही.

तिसरा, पळवाट कोणती? बदली माणूस चालत असेल तर पैसे घेऊन दुसऱ्यासाठी हात घालणारा एक धंदा तयार होतो. पण दिव्य विश्वास तपासतं, तेव्हा त्या बदल्याला आधी पूर्ण पटवावं लागतं. म्हणजे त्या जगातला सर्वांत महागडा कारागीर पटवून सांगणारा असणार: कीर्तनकार, गोंधळी, शाहीर. त्यांच्यावर सरकारी नजर असणार. कीर्तन सरकारी परवान्याशिवाय होत नसेल. दोन गावांच्या मधे, परवाना नसलेली गोंधळीण रात्री काय गाते, यासाठी हेर नेमलेले असतील.

चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात: ही जादू कुठे थकते? परक्या धर्माच्या माणसावर चालते का? मुक्या माणसावर? वेड लागलेल्यावर? दोन भाऊ, दोन्ही प्रामाणिक, दोघांना वेगळी हकीकत शिकवलेली, दोघांचेही हात स्वच्छ निघाले तर सभा काय करते? ही जागा नियमांनी बुजवू नका. कळसाचा प्रसंग इथेच ठेवा.

आपल्याकडच्या रूढींमध्ये अशी तयार यंत्रं पुष्कळ पडली आहेत. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं तर उखाण्यात लपवून. मुलं जगत नसतील तर नियतीची नजर चुकवायला दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवायची. नावात शक्ती असण्याची कल्पना बाहेरून उसनी आणायची गरज नाही.

जिवंत दैवतं

खंडोबा, बिरोबा, यल्लमा, मरीआई ही जुनीपुराणी मिथकं नव्हेत. खंडोबाचे भक्त दर रविवारी जेजुरीची पायरी चढतात. काल्पनिक जगात दैवताचं नाव जसंच्या तसं उचलू नका, रचना उचला. दोन समाजांतल्या दोन बायका, म्हाळसा आणि बाणाई, असलेला देव दोन समाजांना नात्यात बांधतो, हे खंडोबाकडून शिकण्यासारखं आहे. त्याच्या भंडाऱ्याचा रंग बदलून चिकटवणं म्हणजे शिकणं नव्हे. वाघ्या-मुरळी, जोगतीण, पोतराज यांना गूढ शोभेसाठी उभं करताना तर दहादा विचार करा. त्या प्रथांत मुली देवाला वाहिल्या गेल्या आहेत, आणि त्याची किंमत पानावर दिसली पाहिजे.

भुतांच्या बाबतीत हात मोकळा सोडायला हरकत नाही. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यात, चकवा वाट भुलवणारा, ब्रह्मसमंध, खविस, हडळ, वेताळ आणि त्याची पालखी. प्रत्येक भूत कुठल्यातरी अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीतून झालेलं असतं: मुंजा मुंज होऊन लग्नाआधी गेलेला, हडळ बहुधा बाळंतपणात गेलेली. कारण काढून नुसते उलटे पाय ठेवलेत तर भूत बाहुलं होतं.

कथेच्या बांधणीलाही इथला साचा आहे. पैशाची भाषेतल्या गुणाढ्याच्या बृहत्कथेची दंतकथा पैठणच्या सातवाहन राजाशी जोडलेली आहे. राजाने नाकारल्यावर त्याने पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान अग्नीत टाकलं, असं सांगतात. तिच्यावरून अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मिरात कथासरित्सागर रचला. गोष्टीत गोष्ट, सांगणाऱ्यालाच गोष्टीची गरज असणं, ही बांधणी तीन खंडांच्या प्रवासकथेला चांगला पर्याय आहे. फक्त चौकटीची गोष्टही पुढे सरकली पाहिजे, नाहीतर वाचक आतल्या गोष्टींत हरवून बाहेरची विसरतो.

भाषा

मराठीत फँटसी म्हटलं की पात्रं “हे राजन्” बोलू लागतात. फारसी शब्द चाळून काढले की भाषा शुद्ध आणि जग प्राचीन होतं, असा समज त्यामागे असतो. किल्ला, फौज, कागद, बाजार, दरवाजा, शाई काढून टाका आणि एक पान लिहून बघा; गडावरचा शिपाई संस्कृत नाटकातला कंचुकी होतो. त्यापेक्षा थर वाटून द्या: देवळात संस्कृत, कचेरीत फारसी वळण, शेतात देशी, बंदरावर पोर्तुगीज-अरबी. माणूस कुठल्या खोलीत उभा आहे हे त्याच्या दोन वाक्यांतून कळलं पाहिजे. इंग्रजीत लिहीत असाल तर आपले शब्द तिरप्या ठशात घालू नका आणि कंसात अर्थ देऊ नका. प्रसंगातून अर्थ लागतो.

अरे, अहो, आपण यांच्या पायऱ्या नीट सांभाळा. हवालदार सबनिसाला अहो-जाहो करतो, चिडला की एकदम “आपण” वर जातो. “अरे” वर घसरला तर तलवार निघायची वेळ आली. गावांची नावं पाडताना वाडी, खेड, वडे, बुद्रुक-खुर्द अशा जोड्या वापरा. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द म्हटलं की दोन गावांमधला मानापमान विनासायास येतो. वेळ प्रहर-घटकांत: दिवसरात्रीच्या ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची, भोक पाडलेलं घटिकापात्र पाण्यात बुडेपर्यंतची. ते पात्र सांभाळणारा माणूस झोपला तर मुहूर्त चुकतो.

आता हे सगळं एका परिच्छेदात काय करतं ते पाहा. आधीचा खर्डा असा असतो:

“राजकुमार आर्यवर्धनाने दिव्य खड्ग उपसले. मोगऱ्याचा सुगंध दरवळत होता. दूर मंदिरात घंटा निनादली. ‘दुष्टांनो, सज्ज व्हा!’ तो गरजला.”

सुधारलेला:

“हस्त सरत आला तरी पाऊस उघडेना. कोठारात दाणा तीन आठवड्यांचा होता, सबनिसाच्या वहीत पाच आठवड्यांचा. हवालदाराने वही मिटली. ‘आपण कारखानिसांना बोलवावं,’ तो म्हणाला. ‘आणि दिवा आत घ्या. टाक्यातली उजेडाला वर येते.’”

दुसऱ्यात एकही सजावटीचा शब्द नाही. ऋतूने मोहीम अडवली आहे, वहीने फितुरी उघडी पाडली आहे, “आपण” या एका संबोधनाने राग दाखवला आहे, आणि पाण्यातल्या बाईबद्दल कुणालाच नवल वाटलेलं नाही. लिंग सांगणारा शेवटचा प्रत्यय तेवढा पुरतो. तिचं वर्णन दोन प्रकरणं तरी लांबवा.

पुण्यात काय पाहायचं

राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात वेळ घालवण्याआधी दिवे, कुलपं, अडकित्ते, वज्री पाहा. किल्ली कुठल्या बाजूला फिरते, समई किती उंच, अडकित्ता एका हाताने चालतो का, हे टिपा. प्रसंगात हातांना काम लागतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे खिळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर आहेत, खाली उभं राहून अंदाज घ्या. कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा नानासाहेब पेशव्यांच्या काळातला बंदिस्त नळ, त्याचे उच्छ्वास (नळावर हवेसाठी ठेवलेली उघडी बांधकामं) आणि पेठांमधले हौद यांचा नकाशा मिळवा. शहर पाण्यावर कसं वाढतं आणि एका उच्छ्वासात विष टाकलं तर कुठल्या पेठा आधी मरतील, हे त्यावरून कळतं.

कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर आणि दारांपाशी देणगीदारांची नावं आहेत, त्यात यवन आहेत, सुतार आहे, गंधी आहे. भव्य देऊळ एका राजाने एका रात्रीत बांधलं, असं लिहायच्या आधी ते वाचा. नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची आणि दिलेल्या गाई, घोडे, नाण्यांची यादी आहे. राणी पराक्रमाचा हिशोब असा मांडते. घाटात पावसाळ्यात जाऊ नका असं सगळे सांगतात. लेखकाने जुलैत एकदा, वाट माहीत असलेल्या माणसाबरोबर, जावं. धुक्यात दहा पावलांपलीकडे दिसत नाही आणि पायथ्याचा आवाज मात्र वर येतो, हे घरी बसून सुचत नाही.

कागदपत्रांसाठी १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे पुराभिलेखागार, आणि संस्कृत-प्राकृतासाठी १९१७ची भांडारकर संस्था. मोडी येत नसेल तरी छापील निवडक कागद पुष्कळ आहेत. तंटे, महजर, करीने (वादातल्या पक्षांच्या लेखी हकीकती) यांपासून सुरुवात करा, राजांची पत्रं मागाहून. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालयही चुकवू नका.

खर्डा झाल्यावर

एक काटेकोर कसोटी आहे. खर्ड्याची प्रत घ्या आणि सगळे पदार्थ, वस्त्रं, फुलं, सण, देवांची नावं खोडून टाका. मग कथानक वाचा. ते जसंच्या तसं इंग्लंडात घडू शकत असेल तर यंत्रणा अजून आलेली नाही. मुलूख, कागद आणि जादू या तीन टप्प्यांवर परत जा. बहुतेक वेळा वारसाहक्क किंवा पाणी यांपैकी एक बदललं की बाकीचं हलू लागतं.

मग वाचक. ज्या समाजातलं मुख्य पात्र घेतलं आहे त्यातले दोन, आणि ज्या समाजाला खलनायकाच्या बाजूला ठेवलं आहे त्यातला एक, असे तिघं तरी असावेत. एकच वाचक अख्ख्या समाजाच्या वतीने बोलू शकत नाही, त्याच्यावर ते ओझं टाकू नका. पूर्ण पुस्तक फुकटात वाचायला देऊन “कसं वाटलं?” विचारू नका. त्या पात्राची ५० ते ६० पानं द्या, मानधन आधी ठरवा, आणि नेमके प्रश्न लिहून द्या: हा माणूस इथे एवढं सहन करील का? या घरात हे नातं या शब्दाने हाक मारतं का? याला ठाऊक असायला हवं आणि मी दिलेलं नाही असं काय आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की प्रकरणं पुन्हा लिहावी लागतात, तेव्हा प्रकाशकाला तारीख देताना त्यासाठी तीन-चार महिने हाताशी ठेवा.